रुमालाखालचा भाव

आमच्या शेजारच्या वीरभद्रअप्पांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूचा भाव तोंडानं सांगितलेला नाही. विचारलेलाही नाही. भाव ही गोष्ट त्यांच्या लेखी आंघोळीसारखी आहे. प्रत्येकाला करावी लागते, पण चारचौघांत करायची नसते.

अप्पा जनावरांच्या बाजारातले दलाल. लातूरजवळच्या मुरुडपासून हिमायतनगरपर्यंतचे बाजार त्यांनी चाळीस वर्षं केले. तिथं दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. शंभर की हजार, ते जनावराकडं बघून ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. बाजारात हे ठीक आहे, पण अप्पा हे सगळीकडं करतात.

रिक्षावाल्याशी करतात, न्हाव्याशी करतात. एकदा डॉक्टरांची फी विचारायला त्यांनी डॉक्टरांचा हात धरून वर रुमाल टाकला. नवीन डॉक्टर होते. त्यांनी बराच वेळ अप्पांची नाडी मोजली आणि ब्लडप्रेशरची गोळी वाढवून दिली. भाजीवाल्या मावशीचा हात धरायची सोय नाही, म्हणून तिच्यापुढं अप्पा रुमालाखाली वांगी मांडतात. तीन वांगी म्हणजे तीस.

"अप्पा, पाटीवर भाव लिवलाय की," मावशी म्हणते.

"उघड्यावर नको, मावशी," अप्पा म्हणतात आणि ती पाटी आधी उलटी करून ठेवतात.

'उघड्यावर नको' हे त्यांचं पालुपद. खांद्यावर लाल चौकड्यांचा मोठा रुमाल, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीची लिंगाची पेटी आणि तोंडात हे वाक्य. गेली दहा वर्षं ते आमच्या लातूरच्या कॉलनीत माझ्या शेजारी एकटे राहतात. बायको, शांताबाई, त्याआधीच गेलेली. मुलगी नांदेडला दिलेली. ती फोन करून 'जेवलात का' विचारते तेव्हाही अप्पा आधी खोलीचं दार लावून घेतात.

माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. तरुणपणी मला कॉम्प्युटर गेम बनवायचे होते. त्याऐवजी मी पंचवीस वर्षं लोकांना मराठी टायपिंग शिकवतो आहे. ट्रॅक्टरांनी बैलांचे बाजार ओस पाडले तसे अप्पा वेळ जायला माझ्या क्लासात येऊन बसू लागले. फी विचारताना त्यांनी माझा हात रुमालाखाली घेतला. मला काही कळलं नाही, मी नुसता हसत राहिलो. नंतर समजलं की मी निम्म्या फीला कबूल झालो होतो.

एकदा मी कामातून वेळ काढून एक बाजारहाटाचा गेम खेळत होतो. अप्पा मागं उभे राहून बघत होते.

"ह्यात सौदा कुटं हाय, सर?"

"हा काय. भाव लिहिलाय, बटण दाबायचं, वस्तू आपली."

"याला सौदा म्हनत्यात?" अप्पांचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा झाला. "तुमाला येतो ना बनवायला? मंग आपुन बनवू."

मी टाळाटाळ केली. तेव्हा अप्पांनी दार लावलं आणि खरं कारण सांगितलं. रेणापूरच्या वाटेवर कोंडाबाई म्हणून एक शेतकरीण होती. कामातून गेलेले बैल ती सांभाळायची. लोक आणून सोडायचे, ही नाही म्हणायची नाही, असे चौदा झाले होते. पोरांनी तिला निर्वाणीचं सांगितलं होतं, यंदाचा चारा आम्ही देणार नाही. ज्वारी निघते तेव्हा कडबा घेऊन ठेवला तर ठेवला, उन्हाळ्यात तो मिळतही नाही आणि परवडतही नाही. एका शेतकऱ्यानं तिच्यासाठी शिवरात्रीपर्यंत कडब्याची गंज धरून ठेवायचं कबूल केलं होतं. तोवर काही जमलं नाही तर बैल सोडून द्यावे लागणार होते.

"सोडून म्हणजे?"

"सोडून म्हंजे रस्त्यावर, सर. चौदाच्या चौदा." अप्पा रुमालाची घडी घालत राहिले. "खेळ इकायचा. अर्धा वाटा बैलांचा. अर्ध्यात तुमी आन् मी."

मी विचारलं, कोंडाबाई तुमच्या नात्यातली का? तर नाही. तिच्याकडं कधी गेलात का? तर तेही नाही. "दलालानं गोठ्यात जायचं नसतं," असा काहीतरी नियम त्यांनी सांगितला. चाळीस वर्षांत हजारो जनावरं त्यांच्या हातून विकली गेली, आणि एकही आठवत नाही, असं ते नेहमी मोठ्या अभिमानानं सांगत. अशा माणसाला अचानक बैलांचा पुळका का यावा, हे मला कळेना. पण गेम बनवायला कुणी सांगतंय म्हटल्यावर मी विरघळलो होतो.

पुढचे पाच महिने अप्पांनी माझा जीव नको केला. गेमचं नाव 'रुमाल'. खेळणारा दलाल होतो, जनावराचे दात बघतो, वय ठरवतो, मग पडद्यावर रुमाल पडतो आणि त्याच्या हलणाऱ्या सुरकुत्यांवरून आतली बोटं ओळखायची. कल्पना चांगली होती, पण मी काढलेला एकही रुमाल अप्पांना पटेना. "हा पलास्टिकचा हाय," "हा वल्ला हाय," "ह्यो तर इस्त्रीचा, सर, इस्त्रीचा रुमाल घिऊन कोन बाजारात येतं?" असे सात रुमाल नापास झाले. इंटरनेटवरून मी गाईचं हंबरणं उतरवून घेतलं तर ऐकून म्हणाले, "ही जर्सी हाय. आपली देवणी गाय असं हंबरत न्हाई." मग ते स्वतः हंबरले. गेममध्ये आज जे हंबरणं आहे ते अप्पांचं आहे, आणि ते ऐकून समोरच्या बिऱ्हाडातली मंडळी गॅलरीत आली होती.

एकदाचा गेम तयार झाला. तो विकायला एका वेबसाइटवर ठेवायचा होता. 'विक्रीतला अर्धा वाटा म्हाताऱ्या बैलांच्या चाऱ्याला' ही ओळ मी मराठीत आणि इंग्रजीत टाईप केली. खाली किमतीचा रकाना होता.

"अप्पा, किंमत काय टाकू?"

"तुमी उटा. म्या भरतो."

त्यांचा स्वभाव माहीत असल्यामुळं मी उठलो. नुसता उठलो नाही, सभ्यपणानं तोंड भिंतीकडं करून उभा राहिलो. शिष्य इतका तयार झालेला पाहून अप्पांनाही समाधान वाटलं असावं. "झालं," ते म्हणाले, आणि मी बटण दाबलं. माझा मूर्खपणा तो एवढाच.

आठ दिवसांत गेम शेकडो लोकांनी उतरवून घेतला. मी क्लासात पेढे वाटले. मग जमा रक्कम बघितली, तर त्यात त्या पेढ्यांचेही पैसे निघाले नसते. अप्पांनी किमतीचा रकाना कोराच ठेवला होता. कोरा म्हणजे वाटेल ते द्या, नाही दिलं तरी चालेल, असा त्या वेबसाइटचा समज होता.

"अप्पा, कामून भरला नाही?" माझ्याही तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"सगळ्या जगासमोर भाव लिवायचा व्हय? मला वाटलं, गिऱ्हाईक आलं की इचारंल."

माझा पारा चढला. पाच महिने, सात रुमाल, एक हंबरणं, आणि शेवटी हे. मी बरंच बोललो. अप्पा ऐकून घेत होते. शिवरात्र पंधरा दिवसांवर आली होती. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते रुमालाची घडी घालून पुन्हा उलगडत आहेत, आणि मला लाज वाटली. ते उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडून होती. त्यांच्या मुलीचा मला फोन आला, "बाबा जेवायलेत ना, सर?"

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा स्वतःच आले.

"मी आता किंमत टाकतो," मी म्हणालो.

"न्हाई. खेळ संपला की शेवटी अजून एक रुमाल टाका. त्याच्याखाली गिऱ्हाइकाला बोट दाबू द्या. लिवा की हा सौदा कोंडाबाईच्या बैलांचा हाय, तुमचा भाव तुमी दाबा, कोनाला कळनार न्हाई."

"अप्पा, कळणार नाही म्हटल्यावर लोक शून्यच दाबतील."

"तुमी क्लास चालवता, सर. म्या मानसं बगितली." अप्पा शांतपणे म्हणाले. "वर बोलतो ते लोकांसाटी. रुमालाखाली मानूस खोटं बोलत न्हाई. मला तरी चाळीस वर्सांत कोनी बोललं न्हाई."

माझा काडीचा विश्वास नव्हता. पण पोट खपाटीला गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? मी नवा रुमाल काढला, आणि आश्चर्य म्हणजे तो त्यांनी पहिल्या झटक्यात पास केला.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मग पैसे येऊ लागले. पुण्यात नोकरी करणारी नांदेडची एक मुलगी, परदेशातला एक उदगीरचा इंजिनिअर, अशी माणसं मजकूरही धाडू लागली. एकानं लिहिलं, 'वडील मला बाजारात लांब उभं करून रुमालाखाली काय करायचे ते मला आज कळलं.' काहींनी खरंच शून्य दाबलं. पण बाकीच्यांनी अशी बोटं दाबली की मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. शिवरात्रीला चार दिवस असताना मी बैलांचा वाटा वेगळा काढला आणि शेजारी धावलो.

"अप्पा, जमलं."

"तोंडानं सांगू नका." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला. मी बोटं दाबली. त्यांनी परत दाबून विचारलं, हजारच ना? मी मान हलवली. त्यांनी माझा पंजा जो धरला तो किती तरी वेळ सोडलाच नाही. रक्कम किती होती ते मी इथं लिहिणार नाही. कोंडाबाईच्या गंजीला पुरून उरली एवढं सांगतो. मला त्या दिवशी जितकं हलकं वाटलं तितकं माझी मुलगी दहावी पास झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

कडब्याचे टेम्पो निघाले तेव्हा मी अप्पांना जबरदस्तीनं बरोबर घेतलं. नियम वगैरे त्यांनी पुन्हा सांगून बघितला. मी ऐकलं नाही.

कोंडाबाई सत्तरीची, काटक बाई. तिनं आमच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि एकेका बैलाची ओळख करून द्यायला लागली. अप्पा दारातच उभे होते. कोपऱ्यात एक काळ्या तोंडाचा, पांढरा, हाडं वर आलेला देवणी बैल होता.

"ह्याला चार वर्सांमागं एका टेम्पोवाल्यानं आनून सोडला," कोंडाबाई म्हणाली. "कोनी धाडला ते सांगितलं न्हाई. लई गरीब हाय."

अप्पा पुढं झाले. बैलानं मान वर केली, त्यांना हुंगलं आणि खांद्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात घेऊन चघळायला लागला. अप्पांनी रुमाल सोडवून घेतला नाही.

"म्या धाडला," ते म्हणाले. "मुरुडच्या बाजारात दिसला. उभा ऱ्हावंना, कोनी हात लावंना." मग ते माझ्याकडं न बघता बोलत राहिले. "हा आमच्या घरचा, सर. ह्याची माय मेली तवा शांतानं बाटलीनं दूध पाजून वाढवला. ती गेली आन् हा रोज चुलीच्या खोलीकडं तोंड करून उभा ऱ्हायचा. खायचा न्हाई. मला बगवंना. म्हनून इकला. इकनारा मी, दलाल मीच."

टेम्पोवाला बाहेर कडब्याच्या पेंढ्या उतरवत होता. अप्पांनी दोन्ही हात बैलाच्या मानेवर ठेवले. रुमाल बैलाच्या तोंडात होता, त्यामुळं झाकायला त्यांच्याकडं काही नव्हतं.

"एकोनीस हजार," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "एकोनीस हजाराला दिला म्या ह्याला."

कोंडाबाईनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"लई कमी दिला की, अप्पा."

"हाव," अप्पा म्हणाले. "लई कमी दिला."