एका दुपारचा विकास

ज्ञानेश्वरीने पहिला फॉर्म स्वतःच्याच घरचा भरला आणि तिथेच चुकली.

पेडगावजवळच्या त्यांच्या वाडीत त्रेपन्न घरं. सरकारी पाहणीसाठी कोण काय काम करतो ते मोबाइलमध्ये भरून शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. लग्नानंतर मिळालेलं तिचं हे पहिलंच काम. नीट झालं तर शेजारची दोन गावंही तिलाच मिळणार होती. आठ महिन्यांच्या साक्षीला सांभाळायला सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, राजी झाल्या होत्या. "एकच दिवस हां," असं त्यांनी तीनदा बजावलं होतं.

"आत्या, तुमचं मुख्य काम काय लिहू?"

कस्तुराबाई म्हशीची धार काढत होत्या. "डोळे गेले काय तुझे? दिसायलंय की."

"दूध म्हणजे प्राथमिक," असं पुटपुटत ज्ञानेश्वरीने बटण दाबलं.

"पराथमिक म्हंजी? अव्वल?"

आत साक्षीने भोकाड पसरलं होतं. "हां, तसंच," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि आत पळाली.

त्या 'तसंच'नं घात केला. अर्ध्या तासात कस्तुराबाई नातीला काखेत घेऊन नळावर. "सरकार कामाला नंबर द्यायलंय. आमचा अव्वल आला बाई. बाकीच्यांचं काय व्हतंय, बघू."

नळावरून बातमी ज्ञानेश्वरीच्या आधी घरोघर पोचली.

पिठाच्या गिरणीवाला भुजंग दारातच आडवा झाला. "मला दुय्यम टाकायला निघालीस म्हणं?"

"दुय्यम नाही हो भाऊजी, द्वितीयक. गव्हाचं पीठ करता ना, म्हणून."

"गहू मातीतूनच येतो ना? मी त्याला फकस्त बारीक करतो. शेतकरी लिव."

सलूनवाला नागेश तर वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. "वहिनी, मी तिसरा? चारचौघात इज्जत हाय माझी! आयुष्यभर कापणीच करायलोय की. डोक्यावरचं पीक हाय, बारमाही."

वस्तऱ्याशी वाद कोण घालणार? लोक सांगतील तेच लिहायचं, अशी सूचनाही होती. दुपारी बारापर्यंत सगळी वाडी शेतकरी झाली.

सव्वाबाराला पाहणीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे दुकान नाही, गिरणी नाही, सलून नाही. लोक गहू चावून खातात काय? लोकांना समजावून सांगा आणि दुरुस्त करा."

ज्ञानेश्वरीने भुजंगच्या गिरणीसमोर लोक जमवले. "हे शाळेतले नंबर नाहीत," ती जीव तोडून सांगू लागली. "जमिनीतून, जनावरापासून जे मिळतं ते प्राथमिक. त्याचं काही बनवलं की द्वितीयक. आणि सेवा दिली की तृतीयक." इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण बी.ए.ला अर्थशास्त्र होतं तिचं. "उलट, एखादा भाग पुढे जायला लागला की माणसं पहिल्यातून तिसऱ्यात जातात. पुस्तकात तसंच आहे."

गर्दी दोन पावलं पुढे सरकली. मग चार एकर सोयाबीनवाले आप्पाराव हळूच म्हणाले, "म्हंजी तिसरा चांगला."

"चांगला-वाईट नसतं, आप्पाराव मामा."

"मग मला तिसऱ्यात घे. मी गावाला सल्ला देतो. ती सेवाच हाय."

"आणि सोयाबीन?"

"ते हौस म्हणून पेरतो."

चार वाजेपर्यंत वाडीत एकही शेतकरी उरला नाही. ज्याच्या दारात बैलजोडी तो वाहतुकीत गेला, ज्याच्याकडे कोंबडा तो गजराच्या सेवेत. भुजंगही सरकला. पीठ तर गिरणीच करते, तो फक्त बटण दाबायची सेवा देतो म्हणे. नागेश तेवढा आपल्या जागी परत आला. "माझं आपलं पहिल्यापासूनच तिसऱ्यात व्हतं," असं तो मिशीला पीळ देत सांगत होता.

ज्ञानेश्वरीला आता 'तीन' हा आकडा दिसला तरी गरगरायला लागलं. तेवढ्यात पुन्हा फोन. "मॅडम, सकाळी सगळे शेतकरी, आता एकही नाही. एका दुपारात एवढा विकास? सगळं रद्द! उद्या बारापर्यंत नव्याने भरा. तेवढं केलंत तर ती दोन गावं तुमची. नाहीतर दुसरं माणूस बघतो."

"उद्या?" कस्तुराबाईंनी साक्षीला थेट तिच्या मांडीवर ठेवलं. "एकच दिवस ठरला व्हता."

ज्ञानेश्वरी घाबरली. मग तिला सुचलं. "आत्या, तुमचा फॉर्म चुकलाय. धार काय, तासाभराचं काम. दिवसभर तर तुम्ही साक्षीला सांभाळता. तुम्हाला सेवेत लिहिते."

"सेवेत?" कस्तुराबाईंनी पदर सारखा केला. "आप्पारावचा जावई एसटीत हाय, तसं?"

"अगदी तसंच."

दिवसभरातलं हे दुसरं 'तसंच'. कस्तुराबाई रिकामी घागर उचलून तडक नळावर गेल्या.

सकाळी ज्ञानेश्वरी मोबाइल घेऊन निघाली, तर सासूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून ओट्यावर पाय पसरून बसलेल्या.

"आत्या, साक्षीला घेता ना?"

"आज ऐतवार हाय. सेवेतल्या माणसाला सुट्टी असती."

"अहो, पण..."

"तूच लिवलंस. नळावर सांगून बसलेय मी."

 ज्ञानेश्वरीने शांतपणे मोबाइल उघडला. "बरं. अजून पाठवलेलं नाही. परत धारेवरच टाकते तुम्हाला. तिथं सुट्टी नसते."

त्याच वेळी गोठ्यात म्हैस हंबरली. तिला ऐतवार माहीत नव्हता. कस्तुराबाईंनी एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि मग रस्त्याकडे. नळावर बायका जमायला लागल्या होत्या.

"आण ती लेक इकडं," त्या म्हणाल्या. "पण आज डबल ड्युटी लिव."

बावन्न घरं पावणेबारालाच भरून झाली. आज तिने नंबराचा शब्दही न काढता फक्त 'दिवसभर काय करता?' एवढंच विचारलं होतं, त्यामुळे सगळं बरोबर बसलं होतं. त्रेपन्नावा फॉर्म मात्र तसाच होता, आणि ओट्यावरून हाक येत होती, "लिवलीस का गं डबल ड्युटी?" भर उन्हात अंगणात उभी राहून ज्ञानेश्वरी डबल ड्युटीचा रकाना शोधत होती.