टेक्सासच्या कोर्टात एकच वाक्य

"कायदा कळायला वकील लागत नाही, डोकं लागतं!" असं मी बायकोला, म्हणजे अर्लीनला, ठणकावून सांगितलं, तेव्हा ती मक्याचा पाव कापत होती. तिने एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि पुन्हा पावाकडे.

मी व्हर्जिल स्टॅम्प्स. अर्कान्सासच्या डोंगरात झुलत्या खुर्च्या बनवतो. त्यातली एक टेक्सासच्या ह्रुस्काबाईंनी आमच्या जत्रेत घेतली, घरी नेली, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या खुर्चीसकट जमिनीवर आल्या. बाईंनी थेट तिकडच्या कोर्टात दावा ठोकला!

मी वाचनालयातलं जाडजूड पुस्तक उघडलं. खुर्ची इथे बनली, इथे विकली. टेक्सासात मी कधी साधा पाटही विकला नाही. मग तिथल्या कोर्टाचा माझ्यावर अधिकारच नाही! अट एकच: तेवढंच बोलायचं. कोर्टाकडे दुसरं काही मागितलं, की अधिकार मान्य केला!

"तुला एका वाक्यावर थांबता येईल?" अर्लीनने विचारलं.

"म्हणजे काय!"

आक्षेपाचा कागद आधी धाडला आणि तारखेला दोघं हजर झालो. मी माझं वाक्य बोललो. खणखणीत!

जजसाहेबांनी बाईंना विचारलं, "हे इथे माल विकतात? जाहिरात करतात?"

"नाही हो."

"मग दावा इथे चालणार नाही." साहेबांनी पेन उचललं.

बाईंनी नाक मुरडलं. "जाऊ दे साहेब. डिंकाने चिकटवलेली खुर्ची, टिकणार किती!"

डिंक? आमच्या तीन पिढ्यांत सांध्याला डिंक लागलेला नाही!

"साहेब!" मी गरजलो. "या बाईंना माझी जाहीर माफी मागायला लावा! हुकूम काढा!"

अर्लीनने कपाळाला हात लावला. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही माझ्याकडे हुकूम मागताय?"

"घेतल्याशिवाय हलणार नाही!"

"म्हणजे या कोर्टाचा अधिकार मान्य?"

"शंभर टक्के!" म्हणालो, आणि मग जीभ चावली. पण गोळी सुटली होती.

"बसा," साहेब म्हणाले. "दावा चालवू."

आता निदान इज्जत तरी वाचवू, म्हणून मी पुराव्यातली मोडकी खुर्ची ओढली, निखळलेला दांडा ठोकून जागी बसवला आणि ऐटीत टेकलो. पहिला झोका झकास. दुसरा त्याहून झकास. तिसऱ्याला मी छताकडे बघत होतो, पाय वर!

"पुरावा पुरेसा आहे," साहेब म्हणाले. "खुर्ची आत्ताच नीट करून द्या."

गाडीतून हत्यारं आणली आणि कोर्टाच्या ओसरीवर बसलो. दांडा घाईत ओल्या लाकडाचाच ठोकला होता, तो वाळून आकसला; चूक माझीच. नवा सुका दांडा तासून बसवला, तशी बघायला गर्दी जमली. ह्रुस्काबाई झुलून बघत म्हणाल्या, "डिंकाचं बोलले ते विसरा हो," आणि जर्दाळू भरलेला गोड पाव, त्यांच्याकडची कोलाची, हातावर ठेवली. निघेपर्यंत माझ्या खिशात ऑर्डरी!

"बघितलंस?" गाडीत मी छाती फुगवली. "टेक्सासात तीन खुर्च्या!"

"बघितलं," अर्लीन म्हणाली. "म्हणजे आता तुझा इथे धंदा आहे. यातली एक मोडली, की तोंडाला कुलूप लावून आलास तरी हे कोर्ट सोडायचं नाही तुला."

मी खिशातल्या ऑर्डरी आणखी खोल कोंबल्या आणि गाडी सरहद्दीकडे पिटाळली. चौथी ऑर्डर खुद्द जजसाहेबांची आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही.