हरण्याचं कसब

सुक-यिनच्या मासळीच्या दुकानात फेलिस्मिनाबाई टोपली घेऊन आल्या आणि अवघडून उभ्या राहिल्या. पोर्तुगीजांना काही विकायचं नाही, असं पोर्तुगीज सत्तेखालच्या मकावमधल्या साऱ्या चिन्यांनी ठरवलं होतं. डिसेंबरात पोर्तुगीज पोलिसांच्या गोळ्यांनी चिनी माणसं गेली होती. पेकिंग म्हणत होतं, माफी मागा. लिस्बनला त्यात कमीपणा वाटत होता. माफी सुक-यिनलाही हवी होती, अगदी मनापासून. पण ही पोर्तुगीज असली तरी शेजारीण वर्षानुवर्षांची, आणि तिचा नवरा पोस्टात शिक्के मारणारा. त्यानं कुणावर गोळी झाडली नव्हती.

“विकता येत नाही,” सुक-यिन म्हणाली. “पण खेळात हरू नका, असं कुणी सांगितलेलं नाही. आत या.”

मागच्या खोलीत माजाँगच्या, चौघांनी खेळायच्या चिनी खेळाच्या, सोंगट्या मांडल्या गेल्या. पैजेला एक पापलेट. सुक-यिनच्या सासूबाई तिसऱ्या बसल्या. चौथं कोण, हा विचार चालू असतानाच बहिष्कार समितीचे मोक दारात उभे. इथे चोरून विक्री चालते, अशी कुणीतरी चहाडी केली होती. सुक-यिननं शांतपणे त्यांना रिकामी जागा दाखवली आणि बसून नीट लक्ष ठेवा म्हणाली. मोक कट्टर होते, पण अर्धवट मांडलेला डाव त्यांना बघवेना. ते बसले.

आणि पापलेट जिंकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशीही तेच. सुक-यिन हातातला जमलेला डाव मोडून फेलिस्मिनाबाईंना हवी ती सोंगटी पुढे टाकायची. असं हरायला जिंकण्याहून जास्त डोकं लागतं. पण बाईंना ती उचलायची असते हेच ठाऊक नव्हतं. वर मोकना हवी ती सोंगटी त्या नेमकी फेकायच्या.

शेवटी मोकच वैतागले. “बाई, ती फेकू नका. रोज तुमच्या वाट्याचं खातोय, घशाखाली उतरत नाही.”

मग त्यांनीच शिकवणी सुरू केली. समितीला ते कळवत राहिले की दुकानात पोर्तुगीजांना विक्री शून्य, आणि ते खरंच होतं. बाईंच्या घरी पुन्हा मासळी शिजू लागली.

अखेर गव्हर्नरनं माफीच्या कागदावर सही केली. बंदी उठली. फेलिस्मिनाबाई पाकीट घेऊन आल्या, तराजूकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे.

“एक डाव टाकू या का?”

त्या दिवशी सुक-यिन पहिल्यांदाच जिंकायला बसली होती. ती ओळीनं तीन डाव हरली. तिनं मासळी बांधून दिली, पण बाईंकडे न बघता.

“उद्यापासून रोख,” ती म्हणाली.