मैदानाकडे पाठ

सामना सुरू झाला की सगळं जळगाव मैदानाकडे तोंड करून उभं राहायचं आणि आमचे तोताराम नाना मैदानाकडे पाठ करून. समोर चार बाभळी आणि जिनिंग फॅक्टरीची पत्र्याची भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून, मान जराशी डावीकडे कलती ठेवून हा माणूस शेवटच्या शिट्टीपर्यंत उभा. आणि हा आमचा फुटबॉलचा मास्तर होता. गोल झाला तरी वळायचा नाही, पाय मोडला तरी वळायचा नाही.

इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय, तरी त्या पाठीची आठवण झाली की माझं डोकं तापतं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. जळगावात कॉलेज नवंकोरं निघालं होतं, आणि त्यात शिकायला मी पहूरहून आलो होतो. कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती, घंटा उसनी आणलेली होती, पण फुटबॉलचा संघ मात्र पाहिजे असं वरून ठरलं. मग कुणीतरी नानांना शोधून काढलं. आधीच्या लढाईत ते महूच्या छावणीत होते आणि गोऱ्या पलटणीबरोबर फुटबॉल खेळले होते. गाव सोनगीर. उंच, वाळलेले, डोक्याला खाकी फेटा, आणि कपाळाला सदाची आठी. एरवी शहरी बोलायचे, पण राग आला की तोंडी सोनगीरची अहिराणी यायची. राग चोवीस तास असल्यामुळे आम्ही सगळे दोन महिन्यांत अहिराणी शिकलो.

संघ कसा घडवायचा याबद्दल नानांची मतं पक्की होती. पहिलं मत असं की पहिला महिना चेंडूला हात लावायचा नाही, पाय तर नाहीच. महिनाभर आम्ही नुसते पळत होतो, आणि पळताना तोंडानं बोलत होतो. कोण कुठे आहे, कुणाच्या डावीकडे कोण आहे, सगळं मोठ्यानं सांगायचं. जरा कुणी गप्प झालं की भिंतीकडे तोंड केलेला तो फेटा आम्हा सगळ्यांना मुके ठरवत गरजायचा, "मुका शेतस का रे बठ्ठा? तोंडमा काय मूग भरेल शेतस?"

"संघ डोळ्यांनी होत नाही, कानांनी होतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसऱ्या महिन्यात चेंडू मिळाला, तर त्यांनी आमच्या डोळ्यांवर पंचे बांधले. डोळे बांधून चेंडू एकमेकांना द्यायचा. आमचा गोलकीपर गोविंदा पिंप्राळ्याचा, अंगानं दांडगा. त्यानं पहिल्याच दिवशी चेंडू नाकावर घेतला. नाक टोमॅटोसारखं झालं. नाना म्हणाले, "चेंडू येताना ऐकू आला का?" गोविंदा म्हणाला, "आला नाना, पण उशिरा." "मग उद्या लवकर ऐक," म्हणून त्यांनी सराव पुढे चालू केला.

आणखी एक नियम होता. पडलं की स्वतःचं नाव ओरडायचं. त्या मैदानाची जमीन अस्सल काळी. पावसात पायाला शेरभर चिखल चिकटायचा, आणि उघडीप पडली की हात जाईल एवढ्या भेगा. पाय अडकून कोणी ना कोणी रोज पडायचंच. मग पडल्या जागेवरून ओरडायचं, "गोविंदा पडला!" बघणारे लोक पोट धरून हसायचे. आम्हाला लाज वाटायची. पण नाना विचारायचे, "कुठला पाय?" आणि उत्तर मिळेपर्यंत खेळ थांबलेला असायचा.

एकदा त्यांनी गोलखांबाला चांगलं झापलं होतं. खांबावर कुणीतरी कोट अडकवला होता. नाना त्याच्या समोर उभे राहून म्हणाले, "हात लटकावून काय उभा आहेस? जरा वाकून उभा राहा! चेंडू काय तुझ्या खिशात येणार आहे?" असं बराच वेळ चाललं. आम्ही सगळे समजलो की हे गोविंदाला टोमणे आहेत. गोविंदाही तसंच समजला आणि त्या दिवसापासून वाकून उभा राहू लागला. त्याचा खेळ खरोखर सुधारला, म्हणून नानांची पद्धत किती खोल आहे याची कॉलेजभर चर्चा झाली.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो. मी त्या संघात सगळ्यांत वेगानं धावणारा होतो. ही बढाई नाही, कुणालाही विचारा. पण नाना मला अकरात घेत नव्हते. मी कायमचा बारावा. चेंडूचा पंप, लिंबं आणि पाण्याची कळशी सांभाळायची, एवढंच माझं काम. का घेत नाही विचारलं की मला गावाच्या नावानं हाक मारून एकच उत्तर, "पहूर, तुना पाय बोलत नही."

आणि घेत कुणाला होते, तर मोतीलालला! मोतीलाल आमचा कॅप्टन. घरचं कापडाचं दुकान, राजस्थानातून आलेल्या मारवाड्यांचं. धावण्यात माझ्या निम्मा, पण तोंड म्हणजे भरबाजार. चेंडू देतानाही दुकानात बसल्यासारखा बोलायचा, "घ्या गोविंदाभाऊ, हा घ्या, एकदम मऊ दिलाय! दुसरा दाखवू?" नाना भिंतीकडे बघत खूश व्हायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझा पाय बोलत नव्हता हे खरं होतं. आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, दुपारची झोप अतिशय हलकी. ती मोडली की जो हाताला लागेल त्याला मार, आणि हाताला मीच लागायचो. त्यामुळे लहानपणापासून मी मांजरासारखा चालायला शिकलो आणि बोलणं तर जवळजवळ सोडूनच दिलं. बूट मला झेपत नसत, मी अनवाणीच खेळायचो. पण पाय बोलत नाही म्हणून कुणाला फुटबॉलमधून बाहेर ठेवतात का?

त्यात धुळ्याचा सामना ठरला. आबांचं मला पत्र आलं. पत्र म्हणजे दोन ओळी. 'तू तिथे चेंडू लाथाळतोस असं कळलं. कपाशीच्या कामासाठी त्या दिवशी धुळ्यात आहे, बघायला येईन. खेळ बघण्यासारखा नसला तर तिथूनच सोबत घरी चल.'

मी पत्र घेऊन नानांकडे गेलो. म्हटलं, वाचा. ते म्हणाले, "मला वेळ नाही, तूच वाच." मी वाचून दाखवलं. नानांनी त्या दोन ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाले, "नाही घेता येणार, पहूर."

त्या दिवशी मी त्यांना मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

धुळ्याला आम्ही लॉरीतून गेलो. नाना ड्रायव्हरशेजारी, मी मागे कळशी मांडीवर घेऊन. मैदान पांझरेच्या काठाला होतं. पुराच्या पाण्यानं त्यावर बोटभर मऊ रेती आणून पसरली होती. आमच्या भेगाळ जमिनीपुढे ते मैदान म्हणजे गादीच. पोरं खूश झाली. नानांनी मात्र खाली उतरून पायानं रेती चाचपली, एकदा, दोनदा, आणि त्यांचा चेहरा पडला. "ही काय जागा शे?" एवढंच पुटपुटले.

समोरच्या बाजूला आबा बसले होते. पांढरा फेटा, मांडीवर काठी. मी न खेळता कळशीपाशी बसलोय हे त्यांनी बघितलं आणि काठी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. आमच्या घरात त्या हालचालीचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

शिट्टी झाली. नाना सवयीप्रमाणे मैदानाला पाठ करून नदीकडे तोंड करून उभे राहिले. आणि जळगावात कधी झालं नव्हतं ते झालं. नाना चुकायला लागले. मोतीलाल पुढे असताना "मोतीलाल, पुढे जा!" गोविंदाला गोल सोडून "उजवीकडे सरक!" पोरं बिचारी आज्ञाधारक, सांगितलं तसं करत होती. गोविंदा उजवीकडे सरकला आणि डावीकडून गोल बसला. धुळेकर नाचायला लागले. नाना ओरडत होते, "काय व्हयनं? बोला ना रे!" पण त्या गलक्यात आणि त्या रेतीवर कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं.

माझा बांध फुटला. एवढे महिने साठवलेलं सगळं वर आलं. मी उठलो आणि त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, नदी आणि त्यांच्या मध्ये. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसावर ओरडलो. "नाना, जरा वळून बघाल का? पोरं मरताहेत तिकडे! माणूस आहात की खांब?"

नानांनी मान हलवली. त्यांची नजर माझ्या खांद्याच्या बाजूनं, हातभर अंतरावरून, नदीवर गेली.

"कोन शे?"

मी त्यांच्यापासून दोन पावलांवर होतो. दुपारच्या लख्ख उन्हात.

"पहूर," मी म्हणालो.

"पहूर? तू कव्हय उना रे?"

कधी आलो म्हणून विचारत होते, आणि सकाळपासून मी त्याच लॉरीत होतो. माझ्या कळशीतलं पाणी ते दोनदा प्यायले होते. माझा राग जागच्या जागी थांबला, आणि मग तो कोटाचा खांब, ते न वाचलेलं पत्र, डोळ्यांवरचे पंचे, पडल्यावर ओरडायची नावं, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. भिंतीकडे बघितलं काय आणि मैदानाकडे बघितलं काय, या माणसाला सगळं सारखंच होतं. फक्त पाठ केली की डोळे कुणाला दिसत नाहीत.

नानांनाही कळलं की मला कळलंय. त्यांनी माझं मनगट पकडलं. आवाज मात्र रागाचाच. "आठेच ऱ्हाय. काय चाली ऱ्हायनं ते सांग."

मग मी बोलायला लागलो. ज्याला घरात लोक मुका म्हणायचे तो मी, त्यांच्या पाठीशी पाठ लावून, मैदानाकडे तोंड करून न थांबता बोलत राहिलो. चेंडू मध्यावर. मोतीलालकडे आला. त्यांचा डावा बॅक दमलाय, कमरेवर हात ठेवून उभा आहे. "कुठला डावा? त्यांचा की आपला?" त्यांचा. "मग मोतीलाल, त्याच्या अंगावर जा!" नाना गरजले. आणि मोतीलाल गेला. शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं गोल केला, आणि करतानाही काहीतरी विकत असल्यासारखा बोलत होता.

सामना बरोबरीत सुटला. आबा काठी टेकत आमच्याकडे आले. मला वाटलं, झालं, आता चालायचं. ते मला म्हणाले, "तू खेळला नाहीस."

"नाही."

"एवढा वेळ त्यांना काय सांगत होतास?"

मी नानांकडे पाहिलं. नाना ताठ उभे होते, नदीकडे तोंड करून. त्यांची नोकरी माझ्या एका वाक्यावर होती. मी म्हणालो, "खेळ शिकत होतो."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अठरा वर्षांत एवढं बोललेला मी तुला पाहिला नाही," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर परतीचा सामना तुमच्याकडे आहे ना? तेव्हा येईन. खेळताना बघेन, मग ठरवेन." आणि बाजाराकडे निघून गेले.

जळगावला पोचल्यावर नानांना घरी सोडायला मी गेलो. पिंप्राळ्याला एक खोली, एकच चूल, एकच ताट. भिंतीवर खुंटीला बैलांची घुंगरमाळ टांगलेली. घरात बैल काय, बैलाची दावणसुद्धा नव्हती. नानांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "नांगराचं तास दिसेना तेव्हा शेत भावाला दिलं. बैल विकले. घेणारा माळेसाठी भांडला, मी दिली नाही. पोळ्याला काढून पुसतो." मग म्हणाले, "आता कान लावायला तुम्हीच आहात."

मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी रागही येत होता. मी म्हणालो, "मला का नाही घेतलंत नाना? सगळ्यांत वेगानं मी पळतो."

"माहीत आहे मला. पहिल्या दिवशी वारा लागला तेव्हाच कळलं." ते खाटेवर बसले. फेटा काढला. फेट्याशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो, एकदम म्हातारे दिसले. "बाकीचे पडले की मला ऐकू येतं. तुझं काहीच ऐकू येत नाही. पळतोस तेही नाही, पडलास तर ओरडणारही नाहीस, मला माहीत आहे तुझा स्वभाव. तू पडना तं माले कसं समजी रे?"

मी माझी कळशी उचलली आणि सवयीनं पाय न वाजवताच बाहेर पडलो.

दोन दिवसांनी सरावाला गेलो तर नाना माझी वाट बघत उभे. हातात त्या माळेतला एक घुंगरू, लाल दोऱ्यात ओवलेला. "पायात बांध," म्हणाले. मोतीलाल फिस्सकन हसला. गोविंदा हसून खाली बसला. कॉलेजात शिकणारा मी, आणि पायात बैलाचा घुंगरू बांधून साऱ्या जळगावासमोर, आबांसमोर फुटबॉल खेळणार! इतका संताप मला धुळ्यालाही आला नव्हता. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "मी नाही बांधणार."

नानांना वाटलं, मला बांधता येत नाही. ते त्या काळ्या चिखलात गुडघ्यावर बसले. कपाळाची आठी तशीच. एका हातात घुंगरू आणि दुसऱ्या हातानं जमीन चाचपत, माझ्यापासून बरंच लांब, भलत्याच दिशेला.

"पाय कोठे शे रे तुना?"

सगळे हसायचे थांबले होते. मी एक पाऊल त्यांच्याकडे सरकलो आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरानं पाय आपटला.