न आलेल्या पाण्याची नोंद

पाणी तीन अवस्थांत आढळते असे शाळेत शिकवतात: घन, द्रव आणि वायू. आमच्या प्रजासत्ताकात त्याची चौथी अवस्थाही आढळते, ती म्हणजे आश्वासन. शुद्धतेत हीच सर्वांत वरची, कारण तिच्यात आजवर एकही जंतू सापडलेला नाही.

मंगळवार, ११ मार्च रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी लोस होबोस वस्तीच्या नळांना एकोणीस वर्षांनी पाणी आले.

हे पाणी आलेले नाही.

घटना घडलीच नसल्यामुळे ती कशी घडली हे सविस्तर सांगणे भाग आहे.

आमच्याकडे सरकारी नोकऱ्या दोन प्रकारच्या. पहिलीत काम असते. ती मागायला कोणी येत नाही. दुसरीला ‘बोतेया’ म्हणतात, म्हणजे बाटली. तिच्यात हुद्दा असतो, शिक्का असतो, पगार असतो. फक्त काम नसते. बाटलीच का, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. (एक मत असे की बाटली एका जागी उभी राहते आणि दुसरेच कोणी येऊन ती भरून जाते. दुसरे मत अजून यायचे आहे. विद्वानांनाही बाटल्याच मिळाल्यामुळे संशोधन रखडले आहे.)

एलिहिओ तावेरासला बाटली मिळाली ती मात्र कष्टाने. गेल्या निवडणुकीत त्याने पिवळ्या पक्षासाठी तीनशे चाळीस भिंती, सात झाडे आणि नजरचुकीने एक बकरी रंगवली. पक्ष निवडून आला आणि एलिहिओ जलखात्यात पंप उपनिरीक्षक झाला. नेमणूकपत्रात एकच अट होती: कार्यालयात येऊ नये. अट रास्त होती. खात्यात उपनिरीक्षक दोनशे बारा आणि खुर्च्या चार. सगळे आले असते तर प्रशासन कोसळले असते. निदान खुर्च्या तरी.

तीन वर्षे एलिहिओने निष्कलंक सेवा केली. वाण्याच्या दुकानापुढे दोमिनोचा डाव मांडला की खाते चालू आणि डाव मोडला की खाते बंद, इतकी त्याची शिस्त.

मग फेब्रुवारीच्या शेवटी त्याची सासू दोन्या क्रुसीता, वय बहात्तर, ओढ्यावरून बादली आणताना घसरली आणि तिचे मनगट मोडले.

“आई, आता बादल्या मी आणीन,” एलिहिओची बायको मिलादिस म्हणाली.

“तू कशाला? घरात सरकारी माणूस आहे.” म्हातारीने प्लास्टरचा हात जावयाकडे वळवला. “जावईबापू, तुम्ही पंपाचे निरीक्षक ना? मग निरखा की एकदा! नुसतं बघायला काही पैसे पडतात का?”

“सासूबाई, ते माझ्या नेमणुकीत बसत नाही.”

“बसायचंच तर आहे तुमच्या नेमणुकीत!”

हे शेजारच्या तीन घरांनी ऐकले आणि तिन्ही घरे हसली. टोमणे दहा-बारा दिवस चालले. शेवटी ११ मार्चला, केवळ लाजेपोटी, एलिहिओ टेकडीमागच्या पंपघरात गेला आणि त्याने पंप पाहिला. (खात्याच्या इतिहासात शिस्तभंगाची ही एकमेव नोंद.)

पंप ठणठणीत होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो बसवला तेव्हा राज्य राखाडी पक्षाचे होते. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन व्हायचे म्हणून व्हॉल्व्ह बंद करून त्याला राखाडी फीत बांधली. त्या दिवशी वादळ आले. पुढच्या वर्षी पिवळे आले. ते राखाडी फीत कशाला कापतील? त्यानंतर पुन्हा राखाडी आले, पण मधल्या काळात त्यांनी नव्या पंपाचे वचन दिले होते. जुना पंप चालू करणे हा वचनभंग ठरला असता.

एलिहिओने फीत हलकेच बाजूला सरकवली (कापली नाही, याची नोंद घ्यावी) आणि व्हॉल्व्ह फिरवला.

खाली वस्तीत नळ आधी खोकले, मग त्यांतून दोन गांधीलमाश्या बाहेर पडल्या, मग पाणी. दोन्या क्रुसीता मोडका हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली बसली. दुपार झाली तरी उठेना.

निवडणूक सहा आठवड्यांवर होती. दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यात पहिले कलम एकच: लोस होबोसला पाणी. ते येऊन बसले तर द्यायचे काय? राखाडी पक्षाने आरोप केला की सरकारने मतांसाठी पाणी सोडले. सरकारने या घाणेरड्या आरोपाचा निषेध केला आणि आपण कधीही, कोणालाही, कोणत्याही परिस्थितीत पाणी दिलेले नाही असे शपथेवर सांगितले. कागदपत्रे तपासली. शपथ खरी निघाली.

संयुक्त चौकशी समिती घेऊन उपमंत्री लिसेन्सिआदो ब्रितो स्वतः वस्तीत आले. (आमच्याकडे पदवीधराला लिसेन्सिआदो म्हणतात. जीप असेल तर पदवी विचारत नाहीत.)

“तावेरास, काम करायला तुला कुणी सांगितलं?”

“काम नाही हो साहेब, बघायला गेलो होतो.”

“तिथंच चुकलं! आज तू बघितलंस, उद्या बाकीचे दोनशे अकरा बघतील. मग देश चालायचा कसा?”

समितीने नळाचे निरीक्षण करून एकमताने निष्कर्ष काढला: सदर पदार्थ पाणी नसून वाहती अफवा आहे.

“अफवा?” दोन्या क्रुसीता ओल्या केसांनी पुढे आली. “मग मी भिजले कशात, लिसेन्सिआदो? तुमच्या भाषणात? एकोणीस वर्षं ऐकतेय, रुमालसुद्धा ओला झाला नाही!”

उपमंत्र्यांनी दोन कागद काढले. पहिल्यावर लिहिले होते, ‘मी काम केले’. त्याची शिक्षा बडतर्फी आणि खटला. दुसऱ्यावर, ‘मी ११ मार्च रोजी अथवा कधीही काम केलेले नाही’. त्यावर सही केली की बाटली शाबूत, व्हॉल्व्ह बंद आणि सगळे सुरळीत.

 मिलादिसने नवऱ्यापुढची मांगूची, म्हणजे उकडून कुस्करलेल्या केळ्यांची, ताटली उचलली आणि आत नेली.

“करा सही,” सासू म्हणाली. “पण आधी एक आंघोळ करून घ्या, शेवटची.”

एलिहिओने आंघोळ केली आणि दुसऱ्या कागदावर सही केली. कागदावर थेंब पडले. समितीने ते घाम म्हणून नोंदवले.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह बंद करायला दोन कर्मचारी आले (म्हणजे किती गंभीर प्रकरण होते पाहा). त्यांच्या अर्जात एक रकाना होता: ‘व्हॉल्व्ह कोणी उघडला?’ तो कोणीच उघडला नव्हता. सही होती, शिक्का होता. न उघडलेला व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे सरकारी मालमत्तेशी विनाकारण छेडछाड. कर्मचारी व्हॉल्व्हला सलाम करून परत गेले.

तेव्हापासून लोस होबोसला रोज पाणी येत नाही, सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. रविवारच्या सभेत लिसेन्सिआदो ब्रितो यांनी घोट्याएवढ्या चिखलात उभे राहून पाण्याचे वचन दिले, आणि सगळ्या वस्तीने ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

आता शेजारच्या पालो सेको गावाचा अर्ज. तिथला पूल सव्वीस वर्षे बांधून तयार आहे. दोन्ही टोकांना फाटके आहेत, फाटकांना कुलपे आहेत आणि खालून नदी आहे. पुलाचा उपनिरीक्षक रीतसर नेमलेला आहे, पण तो कोण हे यादीत वाचता येत नाही. त्यालाही ते ठाऊक नसावे. सबब, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावावर असलेल्या हुद्द्यांची खात्री करून घ्यावी आणि तो उपनिरीक्षक आपणच निघाल्यास, कार्यालयीन वेळेत, किल्ली घेऊन नदीवर यावे, ही नम्र विनंती.