बरणीत दोन थेंब

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली बावीस वर्षं एक गृहस्थ काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघत बसतात आणि त्यात काही वळवळलं, की त्याचा निकाल लावतात. लोक त्यांना क्लोरीनराव म्हणतात. (तोंडावर 'साहेब' म्हणतात, असं त्यांचं म्हणणं.) अशा माणसाच्या हवाली माशांची पिल्लं करून जाऊ नये, हे खरं तर त्यांच्या बायकोला कळायला हवं होतं. पण तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि "दोन दिवसांचा तर प्रश्न, मी बघतो की," असं क्लोरीनराव बोलून बसले.

बायकोने मोठ्या हौसेने फायटर माशांची जोडी पाळली होती. नराने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं, मादीने अंडी दिली आणि त्यातून पापणीच्या केसाएवढी शंभरेक पिल्लं बाहेर पडली. माशांचं नेहमीचं खाद्य त्यांच्या तोंडात मावत नाही. त्यांना लागतात डोळ्यांना न दिसणारे जिवंत जंतू. ते बायकोने एका बरणीत टाकीचं जुनं पाणी आणि कोबीचं पान घालून आठ दिवस वाढवले होते. बरणीचं झाकण उघडलं, की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे.

"दिवसातून तीनदा, दहा-दहा थेंब," तिने ड्रॉपर हातात देत बजावलं. "एक दिवस उपाशी राहिली तर संपलीच म्हणून समजा. आणि बरणी साफ करायची नाही. यांच्या बापाने खाणंपिणं सोडून घरटं राखलंय. तुम्हाला फक्त थेंब टाकायचेत."

एका माशापेक्षा आपण कमी नाही, हे दाखवून द्यायचंच असं क्लोरीनरावांनी ठरवलं. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरणी उघडली, वास नाकात शिरला आणि हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला. खिशात क्लोरीनच्या औषधाची कुपी असायचीच. हाताने डोक्याला काही विचारलं नाही. बरणीत दोन थेंब पडले, वास गेला, क्लोरीनरावांना प्रसन्न वाटलं. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नमुना घेऊन ते प्रयोगशाळेत धावले. सूक्ष्मदर्शकाखाली सगळी वस्ती गारद झालेली होती. अशा दृश्यावर त्यांनी आजवर समाधानाने सही ठोकली होती. आज मात्र त्यांना भडभडून आलं. संध्याकाळी बायको परतणार होती, आणि शंभर पोटं सकाळपासून रिकामी होती.

माशांच्या दुकानदाराने नवी बरणी लावा, आठ दिवसांत तयार होईल, असा सल्ला दिला. मग क्लोरीनराव दारोदार फिरले. पाणी खात्याचा माणूस दारात उभा राहून "तुमच्याकडे घाण पाणी आहे का हो?" असं केविलवाण्या सुरात विचारतो म्हटल्यावर कोण हो म्हणणार? वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फिल्टर उघडून दाखवला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर त्यांच्यादेखत सगळ्या बादल्या गटारात उपड्या केल्या. क्लोरीनराव हात जोडून नको नको म्हणत होते, तसा तो जास्तच जोरात घासत होता.

शेवटी ते ऑफिसात आले आणि गावभरातून आलेले एकूण एक नमुने तपासत बसले. सगळे स्वच्छ. बावीस वर्षांची नोकरी अशी अंगाशी आली. घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी आपली बाटली तोंडाला लावली. ऑफिसचं पाणी ते पीत नसत. घरून उकळून, गाळून, वर पोटाला थंड म्हणून पुदिन्याची पानं घालून आणत. बाटली धुवायचा प्रश्न नव्हता. शुद्ध पाण्याची बाटली घाण होईलच कशी? आता तपासायला दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्यातलाही एक थेंब काचपट्टीवर ठेवला.

आत जत्रा भरली होती. लांबट, गोल, केसाळ, नाना परीचे जीव धावपळ करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. क्लोरीनराव आनंदाने शिपायाला मिठी मारून घरी पळाले.

संध्याकाळी बायकोने भिंग लावून बघितलं. शंभर पोटं टम्म फुगलेली होती. तिचे डोळे भरून आले. नवऱ्याबद्दल तिला असं वाटून बरीच वर्षं झाली होती. मग तिची नजर नितळ झालेल्या बरणीकडे गेली आणि क्लोरीनरावांना सगळं सांगावं लागलं. बाटलीपर्यंत आल्यावर मात्र त्यांची छाती पुढे आली.

तिने बाटली उजेडात धरली. आतल्या हिरव्या कड्यावर बोट फिरवलं.

"किती वर्षं पिताय यातून?"

"अकरा," क्लोरीनराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा हात पोटावर गेला.

बायकोने बाटली पिल्लांच्या टाकीशेजारी नीट ठेवली. "ही आता यांची. धुवायची नाही."

"आणि मी काय पिऊ?"

"अकरा वर्षं हे पचवलंत," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "आता तुम्हाला काहीही चालेल."