कार्बनच्या वल्ह्याची घरगुती दुरुस्ती

माणूस गेले की त्याच्या वस्तूंना पाय फुटतात, असे म्हणतात. प्रत्यक्षात वस्तू जागच्या जागीच असतात. पाय नातेवाइकांना असतात.

आमच्याकडे हे काम मेहुणीने अंगावर घेतले. ती अत्यंत कार्यक्षम आहे. मोठ्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सामानाचे तिने तीन वर्ग पाडले: वापरातले, देण्याजोगे आणि मोडके. वापरातले घरात राहते, बाकीचे जाते. चौथा वर्ग नाही. (मी विचारले होते. "चौथा कशाला भावोजी, गोंधळ होतो," ती म्हणाली.)

बायको तळ्यावर एकट्याने बसायची होडी चालवायची. तिचे वल्हे कार्बन फायबरचे, दोन्ही टोकांना पाती असलेले. ते देण्याजोग्यात गेले. नौका क्लबच्या सचिवांनी ते आनंदाने मागून घेतले. (सचिव होडीत बसत नाहीत, त्यांना पाण्याची भीती आहे.) मेहुणीने वल्हे पोचवायला गाडीत घातले. वल्हे गाडीपेक्षा लांब होते. तिने दार लावले, आणि दार उत्तम लागले.

कार्बन पोलादापेक्षा मजबूत असतो, असे विकणारे सांगतात. ते खरेच असणार, पण गाडीच्या दाराला ते कोणी कळवले नव्हते. दांडा मधोमध मोडला आणि वल्ह्याची तत्काळ मोडक्या वर्गात बदली झाली.

"टाकूनच द्यावं लागेल आता," मेहुणी म्हणाली.

"मी दुरुस्त करतो."

"भावोजी, तुम्हाला नळाचा वॉशर बदलता येत नाही."

"तो वेगळा विषय आहे."

वल्हे घरात राहावे, एवढेच मला हवे होते. आणि दुरुस्ती चालू असलेली वस्तू कोणत्याच वर्गात बसत नाही, हे माझ्या ध्यानात आले होते.

पद्धत सोपी आहे. दहापैकी नऊ व्हिडिओ तसे सांगतात. (दहाव्यातला माणूस बोलत नाही, त्याचा हातमोजा दांड्याला चिकटलेला आहे.) मोडलेली टोके बारीक दातांच्या करवतीने सरळ कापावीत. तोंडाला मास्क लावावा, कारण कार्बनची धूळ फुप्फुसात गेली तर तिथेही ती टिकाऊच असते. पोकळ दांड्याच्या आत घट्ट बसेल अशी नळी घालावी, इपॉक्सीचे चिकटद्रव्य कालवून लावावे, वरून कार्बनचे कापड गुंडाळून चिकटपट्टीने आवळावे आणि दिवसभर हात लावू नये. मी हे सगळे जेवणाच्या टेबलावर केले आणि ओट्याशी उभ्याने जेवलो. एकट्या माणसाला टेबल लागत नाही, ही माहिती एकाही व्हिडिओत नाही.

एक बाब राहिली. दोन्ही पाती एका रेषेत नसतात. एक दुसऱ्याच्या मानाने थोडे वळलेले असते. कुठल्या बाजूला, ते चिकटवण्याआधी ठरवायचे असते. व्हिडिओत होते तसे मी वळवले.

काम पक्के झाले. मेहुणीने गुडघ्यावर दाबून पाहिले. "छान झालं की भावोजी. आता देता येईल," म्हणून तिने सचिवांना फोन लावला. चांगले काम करण्यात हा धोका असतोच.

सचिव यायच्या दोन दिवस आधी मुलगी आली. ती आईबरोबर तळ्यावर जायची. खुर्चीत बसून तिने वल्ह्याने हवेतच दोन हात मारले.

"बाबा, हे उजव्या हाताचं झालं. आईचं डाव्या हाताचं होतं."

"ती उजव्या हाताने लिहायची."

"लिहायची. वल्हवताना पकड डाव्या हाताची. पात्याचं वळण त्यावरच ठरतं. तुम्ही काठावरून बघायचात ना?"

मी काठावर बायकोच्या चपला सांभाळायचो. त्या कामात माझी कधी तक्रार आली नाही.

"मग हे तिला चाललं नसतं?"

"नाही. आणि तिचं होतं ते क्लबात कोणाला चाललं नसतं. तिथे सगळी उजवीच आहेत."

मी करवत काढली. मुलीने दुसरे टोक धरले. पक्के केलेले काम कापायला मोडलेल्यापेक्षा फार जास्त वेळ लागतो, हे नोंदवून ठेवतो. नवी नळी घातली, इपॉक्सी लावले. मग मुलगी आईसारखे वल्हे धरून बसली आणि मी पाते हळूहळू वळवत गेलो. "थांबा," ती म्हणाली. "हे आईचं."

इपॉक्सी वाळल्यावर मेहुणीने पुन्हा तपासणी केली. "वापरात नाही. कोणाला देता येत नाही. मोडकं म्हणावं तर तेही नाही." मग तिने सचिवांना येऊ नका म्हणून कळवले आणि डोळे पुसायला आत गेली. वल्हे घरात आहे.

इतकी वर्षे संसार करून बायकोचा हात कुठला ते माहीत नाही, याचे तुम्हाला हसू आले असेल. ते रास्त आहे. आता एक करा. तुमच्या घरातले माणूस बाटलीचे झाकण कुठल्या हाताने उघडते, ते मान वर न करता सांगा. सांगता येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. उठून बघा. तुमच्याकडे ती सोय अजून आहे.